वडिलांनी बीपीची गोळी सोडून डाळिंबाच्या सालीचं चूर्ण सुरू केलंय. त्या सालीत नेमकं असतं काय?

होटगी_रोड
६ जानेवारी, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. विषय घरचा आहे, पण अडलंय ते रसायनात, म्हणून इथे मांडतोय.

वडील ६८ वर्षांचे. उभा जन्म यंत्रमागावर गेला. नऊ वर्षांपासून रोज सकाळी टेल्मिसार्टन ४० घेतात, म्हणजे घ्यायचे. दिवाळीनंतर त्यांच्या फोनवर एक मेसेज आला. डाळिंबाची साल वाळवून चूर्ण करा, रोज एक चमचा कोमट पाण्यातून घ्या, रक्तवाहिन्या आतून मोकळ्या होतात, एसीई नावाचं एन्झाइम बंद पडतं आणि गोळी कायमची सुटते. परवा कपाटात बिनफोडलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या सापडल्या तेव्हा आम्हाला कळलं. दीड महिना एकही गोळी नाही. काल बीपी मोजलं, १६८/९८. म्हणाले, यंत्र बिघडलंय.

राग आला, पण ओरडून उपयोग नाही. वडील अडाणी नाहीत. तुटलेला धागा ते डोळे मिटून बोटांनी शोधायचे आणि मला म्हणायचे, "का तुटला ते बघ, नुसती गाठ मारू नको." अशा माणसाला "डॉक्टर सांगतात म्हणून घ्या" एवढंच सांगून भागत नाही. त्यांचं म्हणणं एकच आहे: गोळी म्हणजे केमिकल, साल म्हणजे निसर्ग.

सालीचा त्या एन्झाइमवर खरंच परिणाम होतो का? होत असेल तर बीपी का उतरलं नाही? जाणकारांनी वेळ काढून लिहावं.

स्टेथो
६ जानेवारी, रात्री १०:४०

चर्चा होत राहील. आधी उद्या सकाळी त्यांना तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे न्या. दीड महिन्याच्या खंडानंतर तीच गोळी तेवढीच द्यायची की बदलायची, हे त्यांनी तपासून ठरवायचं आहे. तोवर घरी मोजताना पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीवर, मोजताना बोलायचं नाही. दोनदा मोजा आणि वहीत लिहा. यंत्राची शंका असेल तर ते दवाखान्यात घेऊन जा, तिथल्या यंत्राशी ताडून बघतील.

छातीत दुखलं, तोंड वाकडं झालं, हातातली ताकद गेली किंवा बोलणं अडखळलं, तर मात्र सकाळची वाट बघू नका.

शेंगाचटणी
६ जानेवारी, रात्री ११:०५

हाच मेसेज आमच्या मामंजींना आला होता. आमच्याकडे चूर्ण झालं नाही कारण सासूबाईंनी वाळत घातलेल्या साली गच्चीवरून केर समजून लोटून दिल्या. बाईमाणसाच्या स्वच्छतेने जीव वाचला म्हणायचा.

होटगी_रोड, काकांना सांभाळा. वाचतेय.

माळढोक
७ जानेवारी, सकाळी ७:३०

हा धागा बघून राहवेना. एमएस्सी बायोकेमिस्ट्रीला माझा प्रोजेक्ट याच सालीवर होता, आपल्या सोलापुरातच.

आधी एसीई म्हणजे काय ते. रक्तात अँजिओटेन्सिन-१ नावाची दहा अमिनो आम्लांची साखळी फिरत असते. ती तशी निरुपद्रवी. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर, विशेषतः फुप्फुसांत, एसीई हे एन्झाइम बसलेलं असतं. ते या साखळीच्या टोकाची दोन अमिनो आम्लं कापतं. उरलेली आठांची साखळी म्हणजे अँजिओटेन्सिन-२. ही मात्र जोरकस असते, रक्तवाहिनीच्या स्नायूला आवळते आणि शरीरात मीठ-पाणी धरून ठेवायला लावते. एनालाप्रिल, रामिप्रिल या गोळ्या ही कात्रीच थांबवतात.

काकांची टेल्मिसार्टन मात्र कात्रीला हातच लावत नाही. आठांची साखळी ज्या कुलपात जाऊन बसते, ते कुलूप ती अडवून धरते. त्यामुळे "एन्झाइम बंद झालं, आता गोळी नको" हे मेसेजमधलं गणित काकांच्या गोळीला मुळातच लागू नाही.

आता माझी गोष्ट. मला एसीईचं रसायन परवडणारं नव्हतं, म्हणून मी अल्फा-अमायलेज घेतलं. आपल्या लाळेतलं, पिष्टाची साखर करणारं एन्झाइम. परीक्षानळीत सालीचा अर्क टाकला आणि जवळजवळ सगळं एन्झाइम ठप्प! मी आनंदाने घरी फोन केला. दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, "ट्रिप्सिनवर, म्हणजे प्रोटीन पचवणाऱ्या एन्झाइमवर, बघितलंस का?" बघितलं, तेही ठप्प. मग म्हणाले, "आता नळीत आधी थोडं अल्ब्युमिन हे साधं प्रोटीन टाक, मग अर्क टाक." टाकलं, आणि एन्झाइम पुन्हा कामाला लागलं.

कारण साल टॅनिनने भरलेली असते. टॅनिनचा गुणच हा की समोर येईल त्या प्रोटीनला चिकटायचं. एन्झाइम हेही प्रोटीनच. म्हणजे माझ्या सालीने अमायलेजला हेरून पकडलं नव्हतं, समोर जे दिसलं त्याला मिठी मारली होती. दुसरं प्रोटीन दिलं तर त्याला मारली. आतड्यात आणि रक्तात तर प्रोटीनचा महापूर असतो. सालीतलं मुख्य संयुग प्युनिकॅलॅजिन. त्याचा रेणुभार १०८४ च्या आसपास, काकांच्या गोळीतल्या औषधाच्या दुपटीहून जास्त. एवढा मोठा रेणू आतड्यातून अखंड रक्तात शिरत नाही. आतड्यात त्याचं इलॅजिक आम्ल होतं, पुढे तिथले जिवाणू त्यापासून युरोलिथिन नावाची लहान संयुगं करतात. हे काम करणारे जिवाणू प्रत्येकाच्या पोटात सारखे नसतात. म्हणजे नळीत जे संयुग मी तपासलं ते रक्तवाहिनीपर्यंत पोचतच नाही, पोचतं ते वेगळंच काहीतरी.

त्या दिवशी फार रडू आलं होतं. पण आज कुणी "अमुक वनस्पतीने तमुक एन्झाइम थांबवलं" असं सांगितलं की मी पहिलं विचारते, अल्ब्युमिन घालून बघितलं का?

उजनी_उपसा
७ जानेवारी, सकाळी ८:१५

माळढोकताई, नमस्कार घ्या. शाळेत एन्झाइम हा धडा मी ऑप्शनला टाकला होता. तुम्ही शिकवायला असता तर टाकला नसता.

होटगी_रोड
७ जानेवारी, दुपारी १:२०

स्टेथो, सकाळी नेणार होतो, वडील तयार झाले नाहीत. उद्याची वेळ घेतली आहे, भावाला बोलावलंय.

माळढोक, तुमचं सगळं वाचून दाखवलं. "कात्री" आणि "कुलूप" त्यांना लगेच कळलं. पण त्यांनी मेसेजचा पुढचा भाग काढला. त्यात इस्राएलच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय असं लिहिलंय. हे खोटं आहे का?

मात्रा
७ जानेवारी, दुपारी ३:०५

खोटं नाही, अर्धं आहे. मी औषधनिर्माणशास्त्र शिकवतो, म्हणून हे शोधनिबंध वाचनात आलेले.

इस्राएलमध्ये हैफा इथे मायकेल अविराम यांच्या गटाने डाळिंबाच्या रसावर बरंच काम केलं. २००१ साली त्यांनी बीपी असलेल्या दहा जणांना दोन आठवडे रोज ५० मिली रस दिला. रक्तातल्या एसीईची क्रिया ३६ टक्क्यांनी कमी झाली. मेसेज इथे थांबतो. त्याच निबंधात वरचं बीपी किती उतरलं तेही दिलंय: ५ टक्के. काकांच्या १६८ चे ५ टक्के म्हणजे आठ. उरले १६०.

२००४ साली त्याच गटाने मानेची रक्तवाहिनी अरुंद झालेल्या मोजक्या रुग्णांवर रस देऊन बघितला. वाहिनीच्या भिंतीची जाडी कमी झाल्याचं त्यांना दिसलं आणि साहजिकच गाजावाजा झाला. पण पुढे अमेरिकेत २८९ जणांवर १८ महिने चाचणी झाली, रोज २४० मिली रस. २००९ साली निकाल आला: एकूण गटात भिंतीच्या जाडीत रस घेणारे आणि न घेणारे यांच्यात फरक नाही. जास्त जोखमीच्या काही लोकांत थोडा फायदा दिसतो असं त्यांनी नोंदवलंय, तेही सांगायला हवं.

आणि हे सगळं रसाबद्दल आहे. साल चमचाभर रोज दीड महिना, असं यातल्या कुणीच दिलेलं नाही.

आणखी एक. टेल्मिसार्टनच्या वर्गातल्या गोळ्यांनी रक्तातलं पोटॅशियम थोडं वाढू शकतं. डाळिंबाच्या रसातही पोटॅशियम असतं. मूत्रपिंड ठीक असेल तर वाटीभर दाण्यांनी काही होत नाही, पण रोज पेलाभर रस सुरू करायचा असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. घरात कुणी लोहाची गोळी घेत असेल तर सालीचं पाणी त्याबरोबर नको. टॅनिन लोहालाही धरून ठेवतं.

कडक_भाकरी
७ जानेवारी, संध्याकाळी ६:४०

सगळे मिळून सालीच्या मागे लागलात. सालीचं पेटंट कुणाला मिळत नाही, मग तिच्यावर २८९ च काय, २८९०० जणांची चाचणी कोण करणार? गोळ्यावाल्यांचा पैसा चाचण्यांत असतो. आमच्या आजीने अख्खं आयुष्य पाल्यावर काढलं, नव्वदीला गेली. मला हे एकतर्फी वाटतं.

भुईकोट
७ जानेवारी, रात्री ९:१०

कडक_भाकरी, पैशाचा मुद्दा अगदी खरा आहे. पण झाडाला कुणी विचारत नाही हे खरं नाही. उलट बीपीच्या औषधांचा इतिहासच झाडापासून सुरू होतो, आणि त्यात आपला माणूस आहे.

सर्पगंधा. आपल्याकडे वेडावर, निद्रानाशावर तिची मुळी पिढ्यान्‌पिढ्या दिली जायची. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती बीपीच्या रुग्णांना देऊन काळजीपूर्वक नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापल्या. सगळं जग खडबडून जागं झालं. १९५२ साली स्विस शास्त्रज्ञांनी त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं, आणि कितीतरी वर्षं ते बीपीचं महत्त्वाचं औषध होतं. वकिलांना १९५७ चा लास्कर पुरस्कार मिळाला. मुंबईत बसून, एका मुळीवर! पुढे लक्षात आलं की काही रुग्णांना त्याने खोल नैराश्य येतं, म्हणून ते मागे पडलं. मुळी निसर्गाचीच होती, नैराश्यही तिच्यातलंच होतं.

एसीई थांबवणाऱ्या गोळ्यांचा उगम तर सापात आहे. ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या विषारी सापाच्या विषात सर्जिओ फरेरा यांना १९६५ च्या सुमारास बीपी पाडणारे पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, सापडले. ते इंजेक्शनानेच द्यावे लागत, तोंडाने घेतले तर पोटात पचून जात. मग अमेरिकेत ऑन्डेटी आणि कुशमन यांनी विचार केला की या एन्झाइमच्या पोटात जस्ताचा अणू आहे, त्याला धरेल असा छोटा रेणू आपणच करू. त्यांनी गंधकाचं टोक असलेला रेणू बांधला. तो कॅप्टोप्रिल. १९८१ साली अमेरिकेत मंजूर झाला.

काका "गोळी म्हणजे केमिकल" म्हणतात त्यांना हे सांगा. विषात सापडलं ते किती मात्रेत, कुठे आणि किती वेळ काम करतं, हे वर्षानुवर्षं खपून ज्यांनी मोजलं, त्यांची गोळी झाली. डाळिंबाच्या सालीचं तसं मोजमाप झालं तर मी पहिला टाळ्या वाजवीन.

क्वाथ
७ जानेवारी, रात्री ९:५५

मी वैद्य आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंना थोडं टोचेल असं लिहितो.

दाडिम, म्हणजे डाळिंब, आमच्याकडे मोठं द्रव्य आहे. फळाची साल कषाय, म्हणजे तुरट, आणि ग्राही, म्हणजे मल बांधणारी. अतिसारात, आव पडत असताना देतात. दाडिमाष्टक चूर्ण प्रसिद्धच आहे, तेही पोटाच्या तक्रारींसाठी. रक्तदाबासाठी सालीचं चूर्ण रोज, विनाअनुपान (सोबत योग्य पूरक काही न देता), अनिश्चित काळ, असं कोणताही जबाबदार वैद्य सांगणार नाही. त्यामुळे मेसेजचं पाप आयुर्वेदाच्या माथी मारू नये.

होटगी_रोड, एक नाजूक प्रश्न: वडिलांना मलावरोध झालाय का? कुंथायला लागणं बीपीच्या माणसाला बरं नाही.

आणि अत्यंत महत्त्वाचं. मराठीत "साल" फळाचीही आणि झाडाचीही. मेसेजात कुठली आहे? डाळिंबाच्या मुळाची आणि खोडाची साल पूर्वी पट्टकृमी पाडायला वापरत. तिच्यात पेलेटिएरिन नावाची अल्कलॉइडं असतात, जास्त झाली तर चक्कर, उलट्या, नजरेवर परिणाम. ती चुकूनही नको.

माळढोक, तुमच्या नळीबद्दल मात्र थोडं भांडतो. आम्ही अर्जुनाची साल दुधात उकळून क्षीरपाक करून देतो. अर्जुन हृदयासाठी वाग्भट या प्राचीन आयुर्वेदाचार्यांच्या काळापासून आहे. द्रव्य पूर्ण देणं आणि त्यातला एक रेणू काढून तपासणं यात फरक आहे. नळीत निष्प्रभ ठरलं म्हणजे रुग्णात निष्प्रभ, असं उलटंही म्हणता येत नाही.

माळढोक
८ जानेवारी, सकाळी ७:१०

क्वाथ, मान्य. नळी दोन्ही बाजूंनी फसवते. म्हणूनच शेवटचा शब्द माणसांवरच्या चाचणीचा. पण मग पूर्ण द्रव्याचीही तशीच चाचणी हवी, "पूर्ण आहे" एवढ्यावर तिला सूट नको. इथे आपलं एकमत होणार नाही कदाचित.

दुधाचं मात्र गमतीशीर आहे. टॅनिन दुधातल्या केसिन या प्रोटीनला धरतं. दुधात उकळल्याने अर्जुनाच्या सालीचा तुरटपणा कमी होतो तो त्यामुळेच असावा.

होटगी_रोड, काकांना करून दाखवायला एक प्रयोग. अंड्याचा पांढरा भाग पेलाभर पाण्यात ढवळून गाळून घ्या. चूर्ण उकळून, गार करून, फडक्यातून गाळा. मग ते पाणी चमच्याने पेल्यात सोडा. पाणी गढूळ होऊन चोथा धरायला लागेल. टॅनिन प्रोटीनला धरतंय ते डोळ्यांनी दिसतं. साल चावल्यावर तोंड कोरडं, खरखरीत होतं ते हेच, लाळेतली गुळगुळीत प्रोटीनं टॅनिन ओढून घेतं. तुरट ही चव कमी, स्पर्श जास्त.

माणकाठ
८ जानेवारी, सकाळी ९:३०

मी सांगोल्याकडचा, तीन एकर भगवा वाणाचं डाळिंब. एवढी शिकलेली माणसं बोललीत, पण कुणी बागेतलं विचारलं नाही.

डाळिंब हे लई फवारणीचं पीक आहे. तेल्या रोग आला की बाग बसते, म्हणून बोर्डो मिश्रण, जिवाणूनाशक, वरून फुलकिड्यासाठी, सुरसा अळीसाठी वेगळं. हे सगळं बसतं कुठं? फळाच्या सालीवर. आम्ही काढणीआधी दिवस मोजून फवारणी थांबवतो, युरोपला जाणाऱ्या मालाचे रेसिड्यू, म्हणजे फवारणीचे उरलेले अंश, तपासतात. पण बाजारात कुठला माल कुठल्या बागेतला, कधी फवारलेला, हे घेणाऱ्याला कळणार नाही. दाणे खाताना साल टाकून देतात म्हणून भागतं. साल वाळवून दळली तर वाळताना पाणी उडतं, बाकीचं तिथंच घट्ट होतं.

केगावला आपलं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून आहे. तिथल्या लोकांचं काम आम्ही बघितलंय, सोलापूर लाल हा वाण तिथलाच. डाळिंबाचं मला वाईट बोलायचं नाही, माझं घर त्याच्यावर चालतं. पण फळ खा, साल नको.

शेंगाचटणी
८ जानेवारी, सकाळी १०:००

माणकाठदादा, हे तर लक्षातच आलं नव्हतं! मेसेज पाठवणाऱ्यांना हा एकच प्रतिसाद पुढे ढकलतेय.

थोडं विषयांतर. लसणाचं काय? तोही रक्तवाहिन्यांना चांगला म्हणतात. आमच्या चटणीत काय कमी लसूण असतो?

माळढोक
८ जानेवारी, दुपारी २:१५

लसूण हा एन्झाइमचा खरा कलाकार. अख्ख्या पाकळीत अ‍ॅलिन असतं आणि अ‍ॅलिनेज हे एन्झाइम वेगळ्या कप्प्यात. ठेचलं की कप्पे फुटतात, दोघं भेटतात आणि अ‍ॅलिसिन तयार होतं. तो वास म्हणजे अ‍ॅलिसिन. चेस्टर कॅव्हॅलिटो यांनी ते १९४४ साली वेगळं काढलं. उष्णतेने अ‍ॅलिनेज मरतं, म्हणून अख्खी पाकळी भाजली तर वास येत नाही. उखळात कुटून थोडा वेळ ठेवला तर आधी अ‍ॅलिसिन तयार होतं. आपली शेंगाची चटणी उखळातलीच हवी, मिक्सरची नको, असं आजी म्हणायची ते चवीसाठी.

बीपी वाढलेल्यांत लसणाने थोडं उतरतं असं चाचण्यांत दिसतं, पण थोडंच. रक्तातल्या प्लेटलेटही तो जरा कमी चिकट करतो. लसणाच्या कॅप्सूल घेत असाल आणि ऑपरेशन ठरलं असेल तर सर्जनला सांगा.

स्टेथो
८ जानेवारी, दुपारी ४:५०

आणि चटणीतलं मीठही मोजा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, सगळ्या जेवणांत मिळून. चटणी, लोणचं, पापड आणि वर ताटात मीठ घेणारा रुग्ण मी रोज बघतो. एसीईची कात्री, अँजिओटेन्सिन, सगळी यंत्रणा मीठ राखण्यासाठीच आहे. तिला आपण दोन्ही हातांनी मीठ पुरवतो.

पूर्व_भाग
९ जानेवारी, रात्री १२:२०

झोप येईना. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराचा उल्लेख आला म्हणून लिहितो.

आमच्या घरात आई आणि अत्त्या विड्या वळायच्या. मांडीवर सूप, तेंदूपत्ता, कात्री, आणि घरभर तंबाखूचा भुरका. मामा ओढायचे, दिवसाला दोन बंडलं. पस्तिशीत चालताना पोटरी धरायला लागली. सगळे म्हणाले, मागावर उभं राहून होतं. मग पायाचं बोट काळं पडलं. मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, बर्गरचा आजार. लिओ बर्गर यांनी १९०८ साली वर्णन केलेला, तंबाखूशी घट्ट बांधलेला. हातापायांच्या लहान-मध्यम रक्तवाहिन्या सुजून आत गुठळ्या धरतात. डॉक्टर म्हणाले, "औषध एकच आहे, तंबाखू पूर्ण बंद. एक विडीसुद्धा नाही. नाहीतर मी कापत जाईन आणि आजार वर चढत जाईल."

मामांनी सोडली नाही. कुणीतरी काढा दिला होता, रक्त शुद्ध करणारा, त्यावर विश्वास ठेवून विडी चालू ठेवली. आधी बोटं गेली, मग पाय गेला.

काढ्याने काही वाईट केलं नसेल. पण काढा आहे म्हणून विडी चालेल असं त्यांना वाटलं, तिथे घात झाला. होटगी_रोड, तुमच्या वडिलांना माझ्याकडून हात जोडून सांगा, साल वाईट आहे म्हणून नव्हे, सालीच्या भरवशावर गोळी सुटली म्हणून आम्ही सगळे जीव तोडून लिहितोय.

कडक_भाकरी
९ जानेवारी, सकाळी ६:५५

पूर्व_भाग, वाचून सुन्न झालो. माझं पैशाबद्दलचं मत कायम आहे. पण गोळी बंद करण्याच्या बाजूने मी नाही, हे इथे स्पष्ट लिहितो. काका, गोळी घ्या.

भुईकोट
९ जानेवारी, सकाळी ११:३०

अस्तराचा विषय निघालाच आहे तर काकांना आवडेल अशी गोष्ट. रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर फक्त एका पेशीच्या जाडीचं. बराच काळ ते नुसतं गुळगुळीत आवरण समजलं जायचं. अमेरिकेत रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीचे तुकडे ताणून त्यावर अ‍ॅसिटिलकोलीन घालायचे. कधी तुकडा सैल पडायचा, कधी उलट आवळायचा. एकच रसायन आणि दोन उत्तरं! शोधता शोधता कळलं की तुकडा तयार करताना आतली बाजू घासली गेली असेल तर तो सैल पडत नाही. म्हणजे सैल व्हायचा निरोप अस्तर देतं. १९८० साली हे छापून आलं. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, एक साधा वायू, अस्तरातलं एक एन्झाइम आर्जिनिन या अमिनो आम्लापासून तो बनवतं. फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चं नोबेल मिळालं.

तंबाखू, साखर, चढं बीपी या सगळ्यांनी अस्तराचं हे काम मंदावतं. पालक, बीट यांतल्या नायट्रेटपासूनही शरीर नायट्रिक ऑक्साइड करतं, आणि त्यातली पहिली पायरी जिभेवरचे जिवाणू करतात. वनस्पतीचा रक्तवाहिनीला उपयोग नाही असं म्हणूच नये. ताटात तिला मोठी जागा आहे.

उजनी_उपसा
९ जानेवारी, दुपारी १२:१०

आज डब्यात पालक आहे. पहिल्यांदाच आदराने खाल्ला.

होटगी_रोड
१७ जानेवारी, रात्री ९:३०

उशीर झाला, माफ करा. गड्ड्याच्या जत्रेची गर्दी, पाहुणे, त्यात दवाखाना.

८ तारखेला वडील कसेबसे डॉक्टरांकडे आले. यंत्र ताडून बघितलं, ठीक निघालं. क्रिएटिनिन, पोटॅशियम, ईसीजी केलं, काळजीचं काही नाही. क्वाथ, तुमचा प्रश्न विचारला तेव्हा आई आतून म्हणाली, "महिनाभर इसबगोल कुणासाठी आणतेय मग?" आम्हाला पत्ताच नव्हता. साल फळाचीच होती, झाडाची नाही.

डॉक्टरांनी गोळी पुन्हा लिहून दिली तरी वडिलांनी दोन दिवस घेतली नाही. १० तारखेला सकाळी मी उठलो तर ते स्वयंपाकघरात पेला उजेडात धरून उभे. माळढोकताईंचा प्रयोग त्यांनी आपणहून केला होता. पाणी गढूळ झालं, खाली चोथा बसला. मला म्हणाले, "ही सगळ्यालाच धरते. हिला ओळख नाही." मग पूर्व_भाग यांचा प्रतिसाद पुन्हा वाचायला लावला. मामांचं वय विचारलं. आणि गोळी मागितली.

आता वहीत स्वतःच्या अक्षरात आकडे लिहितात. आज सकाळी १३८/८४. त्यांना तुमच्याशी बोलायचंय, म्हणून पुढचा प्रतिसाद त्यांचा.

होटगी_रोड
१७ जानेवारी, रात्री ९:५०

मी वडील. मुलगा टाइप करतोय, मी सांगतोय.

सगळ्यांचे आभार. सोलापूरच्या पूर्व भागातल्या त्या भाऊंना विशेष नमस्कार, मीही तिथलाच, अशा घरात मी वाढलोय. सांगोल्याच्या भाऊंनी फवारणीचं सांगितलं ते कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्याकडे दीड किलो चूर्ण उरलंय. टाकवत नाही. माळढोकबाई म्हणाल्या की ही प्रोटीनला चिकटते. मला जुनं आठवलं, रंगारी लोक सालीचं पाणी वापरायचे. काल सुती पंचा तुरटीच्या पाण्यात भिजवला, मग सालीच्या पाण्यात उकळला. चांगला पिवळा आला. दुसरा तसाच करून वर हिराकसाच्या पाण्यात बुडवला, तो काळपट राखाडी झाला. सुताला ही कशी काय धरते? त्यात प्रोटीन नसतं ना?

माळढोक
१८ जानेवारी, सकाळी ७:०५

काका, बरोबर पकडलंत. सुतात प्रोटीन नाही, सेल्युलोज आहे, आणि टॅनिन त्यालाही बऱ्यापैकी धरतं. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम मध्ये दुवा होतं आणि रंग पक्का बसतो. हिराकसात लोह असतं, लोह आणि टॅनिन मिळून काळा रंग होतो. जुनी शाई अशीच करायचे. मात्रा यांनी लोहाची गोळी सालीबरोबर नको म्हणून लिहिलं होतं, ते हेच. तुमच्या पंचावर दिसतंय.

पंचा धुतल्यावर रंग किती टिकला ते कळवाल का?

होटगी_रोड
२३ जानेवारी, रात्री ८:४०

वडील सांगतायत: पिवळा तीन धुण्यांत थोडा उतरला, काळपट आहे तसाच आहे. उन्हात वाळवला नव्हता, सावलीत वाळवला. आता सुतालाच आधी रंग देऊन मागावर घेऊन बघायचंय, शेजारच्या कारखान्यात एक माग रिकामा आहे.

बीपी १३४/८२.